घरची बिअर निवळावी कशी

बिअर चवीला हवी तशी उतरली आहे, फेसही दाट आला आहे, पण पेला दिव्यासमोर धरला की आत पांढुरका धूर तरंगताना दिसतो. घरी बिअर करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव पहिल्या दोन-तीन बॅचमध्येच येतो, आणि मग कोणीतरी सांगते म्हणून जिलेटिनची पुडी आणली जाते. पुडीने कधी काम होते, कधी होत नाही, आणि का झाले नाही हे कळत नाही. मी गेली काही वर्षे अमेरिकेत दर महिन्याला १९ लिटरची, म्हणजे तिथल्या ५ गॅलनची, एक बॅच करतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की बिअर निवळण्याचे निम्म्याहून अधिक काम ती फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, जाण्याआधीच होते आणि पुडी हा त्यातला अगदी शेवटचा टप्पा आहे.

पुढे जाण्याआधी कायद्याची बाब स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख जिथे घरगुती बिअरला परवानगी आहे तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने स्वतःच्या वापरासाठी एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येते. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला. मात्र घरी केलेली बिअर विकण्याची मुभा या सवलतीत नाही.

आत काय तरंगते आहे?

पाणी गढूळ आले तर आपण त्यात तुरटी फिरवतो, आणि जुन्या घरांत माठाला आतून निवळीचे बी उगाळून लावत असत. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत राहतात आणि पाण्यात तरंगतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा धन भार त्यांची ही दूरी मोडतो, कण एकत्र येतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि ते तळाशी बसतात. बिअरमध्येही हेच तत्त्व चालते. (तुरटी किंवा निवळी बिअरमध्ये घालू नये, त्यांचा उल्लेख तत्त्व समजण्यापुरता आहे.) फरक एवढाच, की गढूळ पाण्यात मुख्यतः माती असते, तर बिअरमध्ये चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी तरंगत असू शकतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा असतो.

सर्वांत सामान्य गढूळपणा यीस्टचा, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, असतो, आणि तो सर्वांत सोपाही असतो. दुसरा प्रकार म्हणजे होमब्रू करणारे ज्याला चिल हेझ म्हणतात तो. बार्लीतली काही प्रथिने आणि माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) टरफलांतून व हॉप्समधून (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांमधून) आलेली पॉलिफिनॉल म्हणजे टॅनिनसारखी द्रव्ये थंडीत एकमेकांना सैलपणे धरतात आणि प्रकाश अडवण्याइतके मोठे कण तयार होतात; बिअर पुन्हा कोमट झाली की ही पकड सुटते आणि धूर नाहीसा होतो. पण बिअरला प्राणवायू लागला, किंवा ती वारंवार थंड-गरम झाली, तर हीच पकड पक्की होते आणि मग तो गढूळपणा कोमट बिअरमध्येही जात नाही. तिसरा प्रकार स्टार्चचा, म्हणजे साखरेत न बदललेल्या पिठुळ अंशाचा. चौथा जंतुसंसर्गाचा.

यांतला कोणता आपल्या बिअरमध्ये आहे हे घरच्या घरी ओळखता येते. फ्रिजमधली थंड बिअर स्वच्छ काचेच्या पेल्यात ओतावी, बाहेरून धरलेले दव पुसावे (या दवामुळे फसगत होते) आणि पेला टेबलावर तासभर ठेवावा. बिअर २० अंश सेल्सियसच्या आसपास आली आणि पेल्यामागची छापील अक्षरे स्पष्ट वाचता येऊ लागली, तर तो चिल हेझ समजावा. फरक पडला नाही, तर दुसरा नमुना बरणीत झाकून तीन-चार दिवस फ्रिजमध्ये न हलवता ठेवावा. तळाशी सायीच्या रंगाचा थर बसून वर ताकावर येते तशी निवळ दिसली, तर तो यीस्ट होता. दोन्ही झाले नाही तर चमचाभर बिअर पांढऱ्या बशीत घेऊन तिच्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. रंग निळा-काळा झाला तर स्टार्च आहे. तपासलेला नमुना फेकून द्यावा. आणि बिअरवर पातळ साय धरली असेल, नको असलेला आंबट किंवा औषधी वास येत असेल, तर तो संसर्ग आहे. त्याला कोणतीही पुडी लागू पडत नाही. अशी बिअर बाटल्यांत भरणे धोक्याचे आहे, कारण जंतू उरलीसुरली साखर खात राहतात आणि आतल्या दाबाने बाटल्या फुटू शकतात.

चुलीवर असतानाच करायचे काम

स्टार्चचा गढूळपणा मागाहून काढता येत नाही, म्हणून तो होऊच देऊ नये. माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर भिजत ठेवल्यावर त्यातली विकरे (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात. ते पूर्ण झाले का, हे वर सांगितलेल्या आयोडीनच्या थेंबाने तपासावे. मात्र नमुन्यात टरफलाचा तुकडा येऊ देऊ नये, कारण तो काम पूर्ण झाल्यावरही काळा पडतो आणि उगाच घोर लावतो. तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा आटवलेला अर्क) वापरणाऱ्यांकडून एक चूक वारंवार होते: बिअरला अंग यावे म्हणून ओट्स किंवा गव्हाचे पोहे नुसतेच गरम पाण्यात भिजवून ते पाणी भांड्यात घातले जाते. त्या पोह्यांत स्वतःची पुरेशी विकरे नसल्यामुळे सगळा स्टार्च तसाच बिअरमध्ये उतरतो. पोहे वापरायचेच असतील तर त्यांच्यासोबत निदान तितकाच बेस माल्ट (पुरेशी विकरे असलेला मुख्य माल्ट) त्याच तापमानाला भिजवावा.

भिजलेल्या माल्टमधून वर्ट, म्हणजे गोड पाणी, काढून घेताना पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात. ते हळूच पुन्हा धान्याच्या थरावर सोडावेत. थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो आणि खालून येणारे वर्ट स्वच्छ होत जाते. धान्य धुण्याचे पाणी ७७ अंशांहून गरम नसावे, आणि शेवटचे वर्ट पाण्यासारखे पातळ लागू लागले की तिथेच थांबावे. फार गरम किंवा फार पातळ धुवण टरफलांतली टॅनिन बाहेर ओढते, आणि तीच पुढे चिल हेझची निम्मी सामग्री ठरते.

यानंतरची उकळी खळखळून असली पाहिजे. मंद आचेवर वाफा येत राहणे म्हणजे उकळी नव्हे. साठ मिनिटांच्या जोरदार उकळीत प्रथिने फाटतात, आणि ते डोळ्यांनी दिसते: सुरुवातीला भांड्यावर तपकिरी फेस चढतो, तो ओसरतो, आणि मग वर्टमध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखे बारीक तुकडे फिरू लागतात. दूध नासल्यावर पाणी वेगळे आणि चोथा वेगळा होतो तसेच हे दृश्य असते आणि ते दिसले की बिअर निवळण्याची पहिली पायरी पार पडली असे मी समजतो.

शेवटची पंधरा मिनिटे उरली की आयरिश मॉस घालावे. हे अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर वाढणारे लालसर समुद्रशैवाल आहे. त्यातले कॅरॅजिनन हे द्रव्य ऋणभारित असल्यामुळे ते धनभारित प्रथिनांना धरते आणि वर्ट थंड होताना त्यांचे मोठे गठ्ठे बांधते. १९ लिटरला एक सपाट चमचा शैवाल पुरते. ते आधी थोड्या पाण्यात भिजवून घेतले तर अधिक चांगले. व्हर्लफ्लॉक नावाने मिळणारी गोळी याच द्रव्याची असते, आणि तेवढ्या वर्टला एक गोळी शेवटच्या पाच-दहा मिनिटांत पुरेशी होते. फार आधी घातल्यास दीर्घ उकळीत कॅरॅजिनन स्वतःच मोडते. जास्त घातल्यास तळाशी कापसासारखा सैल गाळ होऊन त्यात एक-दोन लिटर वर्ट वाया जाते. पुडीच्या उपायांत मला एकच ठेवायची मुभा असती तर मी हाच ठेवला असता, कारण तो स्वस्त आहे, वनस्पतिजन्य आहे आणि त्यासाठी पूर्ण झालेली बिअर उघडावी लागत नाही.

आच बंद केल्यावर वर्ट शक्य तितक्या लवकर थंड करावे. तांब्याच्या नळीचे वेटोळे उकळी संपण्याआधी दहा मिनिटे भांड्यात सोडावे, म्हणजे ते निर्जंतुक होते, आणि मग त्यातून थंड पाणी सोडून वर्ट वीस-तीस मिनिटांत २० अंशांवर आणावे. झपाट्याने थंड झालेल्या वर्टमधून प्रथिने आणि टॅनिन यांचा आणखी एक लोट खाली पडतो. तेच भांडे रात्रभर तसेच ठेवले तर या लोटातला बराच भाग विरघळलेला राहून पुढे पेल्यात दिसतो. थंड झाल्यावर चमच्याने वर्टला गोल भोवरा द्यावा, वीस मिनिटे थांबावे, आणि मधोमध जमलेल्या ढिगाऱ्याला न हलवता कडेच्या बाजूने वर्ट फर्मेंटरमध्ये घ्यावे.

यीस्ट आणि थंडी

काही यीस्ट आपले काम संपताच आपापसांत चिकटून गठ्ठे करतात आणि बसतात, काही दिवसेंदिवस तरंगत राहतात. इंग्लिश एल (कोमट तापमानाला आंबवायची बिअर) प्रकारची यीस्ट, उदाहरणार्थ एस-०४, लवकर आणि घट्ट बसते. यूएस-०५ ला अधिक वेळ लागतो. गव्हाच्या बिअरसाठीची डब्ल्यूबी-०६ तरंगतच राहते आणि त्या प्रकारात तशीच राहणे अपेक्षित आहे. यीस्टच्या गठ्ठे बांधण्यात पाण्यातल्या कॅल्शियमचा वाटा असतो, म्हणून अगदी मृदू किंवा आरओचे पाणी वापरणाऱ्यांनी लिटरला निदान ५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल इतके जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालावे.

निवळण्याच्या घाईने बिअर आंबण्याच्या मध्येच थंड करू नये. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर) तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने सारखी आली, आणि नमुन्याला लोण्यासारखा वास नाही याची खात्री झाली, की मगच फर्मेंटर फ्रिजमध्ये ठेवावा. तापमान ० ते २ अंशांवर आणावे. साधारण ५ टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन अंशांच्या आसपास गोठू लागते, त्यामुळे त्याखाली जाऊ नये. एलला दोन-तीन दिवस पुरतात. कणाचा बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दहापट रुंद गठ्ठा शंभरपट वेगाने खाली जातो; म्हणूनच नुसते थांबण्यापेक्षा गठ्ठे होऊ देणे महत्त्वाचे ठरते. लागर हा थंडीत आंबवायच्या बिअरचा प्रकार; या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण असा आहे आणि थंड तळघरांत आठवडेच्या आठवडे ठेवलेली ती बिअर मुळात अशीच निवळत असे.

थंड करण्यात एक अडचण आहे. फर्मेंटरमध्ये बिअरच्या वर चार लिटर मोकळी जागा असेल, तर २० वरून १ अंशापर्यंत येताना तिथला वायू सुमारे पाव लिटरने आकुंचन पावतो. शिवाय थंड बिअर अधिक कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणजे प्रत्यक्ष ओढ याहून जास्त असते. एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा अडवणाऱ्या पाण्याच्या झडपेतले) पाणी आत खेचले जाते आणि मागोमाग हवा जाते. प्राणवायूमुळे बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि तात्पुरता चिल हेझ कायमचा होतो, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच बिघडते. किण्वन जोरात असताना एअरलॉकच्या जागी वाढदिवसाला लावतात तसा चंदेरी फुगा नळीने जोडावा. तो बिअरच्याच वायूने भरतो आणि थंड करताना तोच वायू परत देतो. माझ्याकडे या फुग्याने गेली दोन वर्षे विनातक्रार काम केले आहे.

जिलेटिन घालण्याची रीत

जिलेटिनवर बिअरच्या आम्लतेत धन भार असतो, आणि यीस्टवर ऋण. म्हणून ते यीस्टला झटकन धरते. प्रथिने आणि टॅनिन यांच्या कणांनाही ते गुंतवते, पण ते कण अस्तित्वात असतील तरच. सुरुवातीला मी २० अंशांच्या बिअरमध्ये जिलेटिन घालत असे. दोन दिवसांत ती झकास निवळे, आणि बाटली फ्रिजमध्ये गेली की पुन्हा धुरकट होई. कारण साधे होते: चिल हेझचे कण थंडीतच जन्माला येतात, तेव्हा त्यांना पकडायचे असेल तर बिअर आधी थंड झालेली हवी. म्हणून फर्मेंटर निदान एक दिवस २ अंशांवर राहिल्यानंतरच जिलेटिन घालावे.

१९ लिटरसाठी अडीच ते तीन ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, बिनस्वादाचे जिलेटिन घ्यावे. रंग आणि साखर असलेली जेलीची पाकिटे चालत नाहीत. उकळून गार केलेले १२० मिलिलिटर पाणी निर्जंतुक पेल्यात घेऊन त्यावर पूड भुरभुरावी आणि हलवू नये. दहा-पंधरा मिनिटांत दाणे पाणी पिऊन फुगतात आणि पृष्ठभागावर भिजलेल्या साबुदाण्यासारखा थर दिसतो. मग पेला मायक्रोवेव्हमध्ये दहा-दहा सेकंद गरम करावा, दर वेळी ढवळून तापमान पाहावे, आणि ६५ ते ७० अंशांवर थांबावे. द्रव पूर्ण पारदर्शक आणि किंचित पिवळसर झाला पाहिजे. चमच्याला एकही दाणा चिकटलेला नको. उकळी येऊ देऊ नये, कारण त्याने जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्या लांबीवरच त्याची पकड अवलंबून असते. झाकण कमीत कमी वेळ उघडून हा गरम द्रव बारीक धारेने बिअरच्या पृष्ठभागावर फिरवत ओतावा. ढवळण्याची गरज नसते. ४८ तासांनी, पहिल्यांदाच करत असाल तर ७२ तासांनी, टॉर्च लावून पाहावे.

हॉप्सच्या सुवासावर उभी असलेली बिअर असेल तर मी जिलेटिन टाळतो, कारण माझ्या नाकाला तो सुवास थोडा फिका पडल्यासारखा वाटतो. न्यू इंग्लंड आयपीए, जर्मन वाइसबिअर आणि बेल्जियन विटबिअर यांना तर निवळायचेच नसते.

मांसाहार न करणाऱ्यांसाठी

जिलेटिन गाय किंवा डुकराच्या कातडी-हाडांपासून होते, त्यामुळे अनेक मराठी घरांत ते येणार नाही. ब्रिटनमधल्या कास्क बिअरसाठी (पिंपातच तयार होऊन तिथूनच वाढल्या जाणाऱ्या बिअरसाठी) वापरले जाणारे आयसिंग्लास हे माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाला जी अफाट किंमत मिळते ती याच पिशवीमुळे; कोळी बांधव तिला बोत म्हणतात. गिनेस या आयरिश बिअर कंपनीने २०१५ मध्ये आयसिंग्लासचा वापर थांबवण्याचे जाहीर केले तेव्हा शाकाहारी ग्राहकांचा प्रश्न अचानक सर्वांच्या बोलण्यात आला.

चायना ग्रास, म्हणजे आगर-आगर, हा जेलीसाठी जिलेटिनचा उत्तम पर्याय आहे म्हणून तो इथेही चालेल असे वाटते, पण चालत नाही. त्यावर धन भार नसतो आणि थंड बिअरमध्ये पडताच त्याच्या गुठळ्या होतात. यीस्टसाठी सिलिकावर आधारित बायोफाइन क्लिअर घ्यावे. ते द्रवरूप असते, गरम करावे लागत नाही, आणि थंड बिअरमध्ये पाकिटावरच्या प्रमाणात मिसळता येते. चिल हेझसाठी पॉलिक्लार या नावाने मिळणारी पीव्हीपीपीची पूड आहे, जी पॉलिफिनॉलना धरून तळाशी नेते. ही पूड विरघळत नाही आणि पिण्यासाठी नाही, म्हणून तिच्यावरून बिअर काळजीपूर्वक काढून घ्यावी लागते. माझी स्वतःची पसंती क्लॅरिटी फर्म या विकराला आहे. यीस्ट टाकतानाच ते घालायचे असते, आणि चिल हेझ करणारी प्रथिने ज्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या जागी टॅनिनला धरतात, तिथेच ते त्यांचे तुकडे करते. किंमत जास्त आहे, पण पुढे दहा दिवस त्या बाबतीत काहीही करावे लागत नाही.

बाटलीत आणि पेल्यात

निवळलेल्या बिअरमध्येही बाटलीत वायू तयार करण्याइतके यीस्ट उरलेले असते. फार तर दोनऐवजी तीन आठवडे लागतात. हा वायू तयार व्हावा म्हणून बाटल्या भरताना घालायच्या साखरेचा हिशेब मात्र नीट करावा. या साखरेच्या ऑनलाइन गणकयंत्रात बिअरचे तापमान विचारतात, तिथे फ्रिजमधले १ अंश न लिहिता किण्वन संपल्यानंतर बिअर ज्या सर्वाधिक तापमानाला राहिली ते लिहावे. २० अंश लिहिल्यास १९ लिटरला मध्यम फेसासाठी सुमारे ११५ ग्रॅम साखर येते; १ अंश लिहिल्यास तिच्या निम्मीच येते, आणि बिअर मचूळ होते.

नळी तळाच्या गाळापासून तीन-चार सेंटिमीटर वर ठेवूनच बिअर उपसावी, शेवटच्या अर्ध्या लिटरचा मोह धरू नये. बाटल्या २० अंशांवर वायू धरून झाल्या की निदान एक आठवडा फ्रिजमध्ये उभ्या ठेवाव्यात. आडव्या ठेवल्यास यीस्टचा थर कुशीवर बसतो आणि ओतताना सगळा सुटतो. पेला तिरका धरून बाटली एकाच संथ हालचालीत रिकामी करावी, कारण मध्ये थांबून बाटली सरळ केली की तळाचा थर उसळतो. खांद्याजवळ पहिली पांढरी रेघ वर येताना दिसली की थांबावे, म्हणजे बाटलीत बोटभर बिअर राहते आणि पेल्यात गाळ येत नाही.